माणसं मोजायची नाहीत

शुक्रवार, १६ सप्टेंबर २०२२

सगळ्यांत आधी कोण हजर? तर कमलिनी! तिसऱ्या मजल्यावरची. लेशाननं बोलावलं होतं मला, आणि ही पावडर थापून माझ्या आधी तिथं!

लेशान म्हणजे इथल्या, आखातातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन. केनियाचा मसाई, उंच असा की लिफ्टमध्ये वाकून शिरतो. आज मागच्या मोकळ्या जागेत त्यानं नि त्याच्या गाववाल्यांनी विटांचं रिंगण मांडलं — हे आमचं गाव म्हणे! तिकडे कुंपण काट्यांचं. घरं बाया बांधतात, शेणानं लिंपून. म्हटलं, अरे, सारवायला मलाही येतं!

चपला बाहेर काढून आत गेले. लाल चादरी पांघरलेली पोरं एकेक येऊन माझ्यापुढे मान खाली घालून उभी. मला वाटलं, काही पडलं की काय यांचं? मीही खाली शोधतेय! लेशान हसला. "आजी, हाथ रखो." मोठ्यानं डोक्यावर हात ठेवायचा, हाच त्यांचा रामराम. ठेवला. गुणी पोरं!

मग दुधाळ चहा. मग नाच — जागच्या जागी ह्या एवढाल्या उड्या! किती जण आहेत म्हणून मी मोजायला लागले, तर लेशाननं हळूच माझं बोट मिटवलं. "आजी, आदमी को गिनते नहीं. बुरा होता है." बरं बाबा, नाही मोजत.

रस्त्यापलीकडे पांढऱ्या गाडीतून कोणी फोटो काढत होतं. काढू देत की!

रविवार, १८

लेशानची आई अंथरुणाला खिळलीय. तिचे डोळे मिटायच्या आत जायचंय त्याला. पण पासपोर्ट वॉचमन पुरवणाऱ्या कंपनीकडे, आणि इथला फुटबॉलचा वर्ल्डकप होईस्तोवर रजा नाही. बुधवारी सगळे मिळून सरकारात तक्रार देणार आहेत. माझ्या शशिकांतच्या कानावर घातलं, तर म्हणतो, "आई, तू यात पडू नकोस हं." मी कुठं पडतेय!

मंगळवार, २०

घरात मी एकटी, आणि दोन साहेब आले! लेशानच्या कंपनीतले. बोलणं काय गोड — माताजी, माताजी! चिवडा दोनदा घेतला. म्हणाले, पोरांच्या रजेचंच बघतोय, एकूण किती जण आहेत? मी कानाला हात लावला. मोजायचं नाही हो त्यांच्यात! आकडा काही सांगितला नाही. एकेकाचं नाव तेवढं सांगितलं — लेशान, सायतोती, कोइनेट... एकही विसरले नाही! बुधवारचंही सांगितलं. म्हटलं, त्याआधी करा, पोरांचा हेलपाटा वाचेल. मान डोलावली, सगळं मोबाईलवर उतरवून घेतलं. जाताना पाया पडले!

आता माउलीला लेक दिसेल.

बुधवार, २१

खाली खुर्चीवर दुसराच माणूस. पांढरी गाडी फाटकाशी.

गुरुवार, २२

नवा वॉचमन उस्मान सांगतो — काल पहाटे कंपनीनं पोरांच्या खोल्यांवर गाडी नेली. एकेकाचं नाव पुकारून बाहेर काढलं. घरी धाडलं का रे? तर नाही म्हणतो. कुठं ठेवलंय कोणालाच ठाऊक नाही.

ती नावं माझ्या तोंडची.

एकटा लेशान सापडला नाही. साहेबांचा निरोप आहे — माताजींना सांगा, शनिवारी परत येतो.