पाद्रेंची दाढ

ती. ताई (पाकिटावर 'सिस्टर कॉन्सोलासियोन' लिहिलंय, पण आत तू ताईच),

धाकट्या पेतांगचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? त्याबद्दल तू काही लिहीत नाहीस, म्हणजे जास्तच दुखत असणार. इथे आम्ही सुखरूप आहोत. अंगणात एकवीस कोंबड्या झाल्यात, कारण आमचे डॉक्टर सेल्मो ज्यांचे दात फुकट काढतात ती माणसं दुसऱ्या दिवशी कोंबडी आणून बांधतात, आणि पेशंटची कोंबडी कापायची नाही हा डॉक्टरांचा नियम.

आता झालं काय ते सांगते. मेसन लॉजमधल्या भावांनी (चर्चला हे मंडळ चालत नाही म्हणून तू नाक मुरडशील, पण ते एकमेकांना भाऊच म्हणतात, आणि सख्ख्या भावांसारखे भांडतातही) जत्रेआधी फुकट दंतशिबिर ठरवलं. बाकं मागायला डॉक्टर चर्चमध्ये पाद्रे हिलारियोंकडे गेले. पाद्रेंनी बाकं तर दिली नाहीतच, वर रविवारी प्रवचनात सांगितलं की मेसनच्या हातून दात काढला तर मुळाबरोबर आत्माही निघतो. झालं! शिबिराला तीन माणसं आली, त्यातली दोन ठार बहिरी. तीनशे आल्यासारखं डॉक्टरांनी तिघांचं निगुतीनं केलं आणि घरी येऊन आपली गुण्या-कंपासची मेसन अंगठी पुसत बसले. मी म्हटलं, "सोडा की आता ती लॉज!" तर म्हणतात, "पेतांग, दगड काय एका दिवसात घडतो?" (मेसन म्हणजे मुळात गवंडी; माणूस दातांचा डॉक्टर, बोलणं गवंड्याचं.)

मंगळवारी भर दुपारी, सगळं गाव पेंगत असताना, मागच्या दारी टकटक. बघते तो पाद्रे हिलारियो! गालाला टॉवेल, एक डोळा मिटलेला, झग्याला चिखल. पुढच्या दारावर मेसनचं चिन्ह आहे म्हणून केळीतून वळसा घालून आलेले. ताई, खरं सांगते, मला आनंद झाला. (याची कबुली पाद्रेंजवळ देता येत नाही, म्हणून तुझ्याजवळ देते.) आता डॉक्टर चांगलं सुनावणार म्हणून मी पडद्याआड कान देऊन उभी राहिले. पण त्यांनी प्रवचनाचा 'प्र'सुद्धा काढला नाही. दाढेला तीन मुळं, एकही सरळ नाही. शेवटी मलाच हाक मारली, "अगं, तिथे उभी आहेस तर त्यांचा हात तरी धर!" धरला. लहान मुलासारखा घामेजला होता गं तो हात. मग कसला आनंद नि कसलं काय.

तोंडात कापूस धरून पाद्रेंनी विचारलं, "मूळ सगळं निघालं?"

"सगळं."

"आणि... आत्मा?"

"जागच्या जागी आहे, पाद्रे. मी फक्त दाढ घेतली."

पाद्रे हसले आणि लगेच कळवळले. आज रविवारी प्रवचन झालंच नाही, जबडाच उघडेना. पण दुपारी चर्चची सगळी बाकं आमच्या पुढच्या दारात आली, आणि पहिल्या बाकावर, लोकांनी नीट बघावं म्हणून, सुजलेला गाल रस्त्याकडे करून पाद्रे स्वतः बसले. दिवस मावळेपर्यंत डॉक्टरांनी एकशेचाळीस दात काढले. उद्या येणाऱ्या कोंबड्यांचं काय करायचं ते तूच सांग.

तुझी,
पेतांग

ता. क. मी मेसनशी लग्न केलं, तेही चर्चबाहेर, म्हणून तू बारा वर्षं या घरात आली नाहीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुझ्या पत्रात डॉक्टरांना साधा नमस्कार नसतो, तरी ते प्रत्येक पत्र दोनदा वाचतात. मागच्या पत्रात तू लिहिलंस, महिनाभर नुसत्या पेजेवर आहे, उपास चाललाय. ते म्हणाले, "हा उपास नाही. ही खालची दाढ आहे."

आणखी ता. क. गुरुवारच्या बोटीनं ते इलोइलोला, तुझ्या कॉन्व्हेंटकडे निघतायत. हत्यारांची पिशवी भरून झाली. मदर सुपीरियरना सांगून ठेव, आणि डॉक्टरांना परत पाठवू नकोस. इतक्या वर्षांनी काय बोलावं याची काळजी करू नकोस, तोंड उघडं ठेवायचं असतं, त्यामुळे बोलावं लागत नाही. फक्त शेवटी ते विचारतील, "फार दुखलं का?" तेव्हा, ताई, खरं ते सांग.