पहिले बोट अक्काचे

प्रिंटरने आज सकाळपासून माझे चार जाड कागद गिळले आणि पाचवा चावून परत दिला. हे यंत्र आपल्यामागेही टिकणार, हे उमगल्यावर मी, झुलाल वना पाटील, वय ५४, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पत्नी लताबाईचा यास आक्षेप आहे. तो नोंदवून पुढे जातो.

१. राहते घर लताच्या हयातीत तिचे, नंतर मुलगा मगन याचे. मात्र कलम तीन पाळले तरच.

२. कॉम्प्युटर, सदर प्रिंटर आणि फ्लॉपीतले ठसे, म्हणजे गणपती, कलश, मोर यांची रेघांची चित्रे, मगनला. यंदा माघात त्याच्या लग्नपत्रिकांवर हेच ठसे मी घरी छापले. लता म्हणालीच होती, "तुमले कोनी सांगेल व्हतं घरमा छापखाना घालाले?" पण साप्ताहिकात लिहून साऱ्या गावाची अक्कल काढणारा माणूस बायकोचे ऐकतो थोडाच!

३. पत्रिकांना कुंकू लावायला मी थोरली बहीण, साक्रीची सुगंधाअक्का, हिला बसवले. ती विधवा, म्हणून नातलगांनी नाके मुरडली. तिने गणपतीला ओले बोट टेकवले, आणि सोंड ओघळत थेट नवरदेवाच्या नावावर आली. मावसभाऊ रुपचंदने मोठ्याने विचारले, "बोट कोनं व्हतं?" अक्का उठली. "भाऊ, मना हात लागना नी देव रडना." आपला हात लागला आणि देव रडला, असे म्हणून ती निघून गेली. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येणार नाही, असा तिचा निरोप आहे.

तरी जाहीर करतो की, या प्रिंटरची शाई पाण्याने पसरते. काल मी ओले बोट लावून पाहिले, लताने हिरव्या बांगड्यांच्या हाताने लावले. दोन्ही गणपती तसेच ओघळले. सोबत जोडले आहेत. त्याच चित्राची झेरॉक्स मात्र ढिम्म हलली नाही. रडला तो देव नव्हे, माझी काटकसर. सबब या घरातल्या पुढच्या प्रत्येक पत्रिकेला पहिले बोट अक्काचे. तिच्या पश्चात तिच्या नावाने.

४. ती ओघळलेली पत्रिका रुपचंदला. आयुष्यभर पुसत बसावे.

५. अक्काची चांदीची कोयरी त्या दिवशी इथेच राहिली. ती माझ्या मरणापर्यंत ठेवण्यात अर्थ नाही. ताजे कुंकू भरले आहे. उद्या साक्रीच्या पहिल्या गाडीने मीच नेऊन देतो. सोबत दोन कोरडे गणपती नेतो. पाण्याची वाटी तिच्याकडे असेलच.

साक्षीदार: कौतिक महाजन (शेजारी), बेबाबाई महाजन (त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी)
सही: झुलाल वना पाटील
धुळे, १२ एप्रिल १९९९