चार मिनिटे दहा सेकंद, हातासकट

मी, योगिनी विश्राम भाटकर, वय सत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार भाट्ये, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. एका गोष्टीची किळस मात्र आली आहे. किळस आल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतले.

१. राहते चिऱ्याचे घर आणि परसातली दोन कलमे माझा भाचा सर्वेश, माझ्या दिवंगत भावाचा मुलगा, याला द्यावीत. सर्वेश वाईट मुलगा नाही. माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दोन्ही दिवस तो बाकावर बसून होता, हे मी विसरत नाही. पण घराच्या भिंतींना त्याने वार्निश लावू नये. आंजर्ल्याच्या आपल्या रिसॉर्टमध्ये त्याने जांभ्या दगडावर ते फासले आहे. नाक वाहिल्यासारखी दिसते ती भिंत. दुसरी उपमा सापडत नाही.

२. बँकेतील शिल्लक माझी मैत्रीण आणि शेजारीण चिमा रामा धनावडे हिला द्यावी.

३. "लिलाव" नावाचा चित्रपट. सोळा मिलिमीटरचे एक रीळ, चार मिनिटे दहा सेकंदांचे, मुके. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातील कापीव कागद. एक प्रोजेक्टर. खरे तर याच्यासाठीच कागद काळे करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील, आप्पा, मुंबईत एका कार्टून स्टुडिओत होते. तिथल्या फिल्म सोसायटीत त्यांनी पोलंड-कॅनडाकडचे छोटे चित्रपट पाहिले. कोणी फिल्मवरच सुईने ओरखडे काढून रेघा नाचवल्या होत्या, तर कोणी कापलेल्या कागदाची माणसे चालवली होती. आप्पांना वेडच लागले. नोकरी सोडून ते घरी परतले. "त्यात फसवणूक नाही गं," ते म्हणत. "कागद सांगतो, मी कागद आहे. आणि तरी चालतो."

१९६४ च्या मे महिन्यात त्यांनी माजघरात उलट्या स्टुलाच्या पायांना कॅमेरा बांधला आणि खाली काच ठेवली. विषय, हर्णे बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव. मासे केले जुन्या लग्नपत्रिकांचे. पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेले कुंकू माशाचा डोळा होईल, असे बेतून आप्पा कापत. शेपटी दोऱ्याच्या गाठीने जोडलेली. समुद्र म्हणजे पतंगाच्या कागदाच्या तीन पट्ट्या. हलवण्याचे काम माझे, कारण माझी बोटे नऊ वर्षांची होती. चिमटा धरायचा, श्वास धरायचा, मासा जवभर सरकवायचा, हात काढायचा आणि "हं" म्हणायचे. मग आप्पा एक चित्र घेत.

"दोन जव सरकवलास तर तो उडी मारील, योगू. आणि तो मेलेला आहे."

तो मेलेला मासा पडद्यावर थरथरे. ती थरथर म्हणजे माझे बोट, पट्टीवरची हवा, दुपारचा उकाडा. दोन चित्रांमध्ये काहीच नसते, ती जागा बघणाऱ्याने आपल्या डोळ्याने भरायची. इतकी वर्षे झाली, याहून सुंदर असे मी काही पाहिलेले नाही.

एका दुपारी कागद कापायच्या पात्याने माझे बोट कापले. चिमा तेव्हा दहा वर्षांची. तिने आपल्या परकराची कड फाडून चिंधी बांधली. दुखण्याच्या नादात मी हात काढण्याआधीच "हं" म्हटले. महिन्याने रीळ मुंबईहून धुऊन आले, तेव्हा माशांच्या टोपलीवर मनगटापर्यंत माझा हात दिसला, पांढऱ्या चिंधीसकट. एकच चित्र. सेकंदाचा चोविसावा भाग. मी रडले. कॉन्व्हेंटमध्ये नखांत खळ सापडली म्हणून सिस्टरची पट्टी त्याच आठवड्यात खाल्ली होती, आता हेही. आप्पांनी रीळ तीनदा चालवून पाहिले.

"राहू दे. कोणी हलवलं, ते एकदा तरी दिसायला हवं."

तेव्हापासून आप्पांच्या वाढदिवसाला आम्ही ते भिंतीवर लावतो. टोपली आली की चिमा ओरडते, "आला गो, आला!" ती एकदाही चुकलेली नाही.

४. दोन वर्षांपूर्वी रिळाला आंबूस वास येऊ लागला. फिल्म मरू लागली की असा वास येतो. सर्वेशने मुंबईत नेऊन कॉपी करून घेतली आणि रीळ सांभाळायला आपल्याकडेच ठेवले. मी त्याला तोंडभर आशीर्वाद दिले, तो माझा मूर्खपणा.

गेल्या डिसेंबरात त्याच्या रिसॉर्टची सत्यनारायणाची पूजा होती. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन चिमा आणि मी स्वागतकक्षातल्या मोठ्या टीव्हीसमोर बसलो. "लिलाव" लागला. मासे तेलातून घसरावेत तसे घसरत होते. संगणकाने दोन चित्रांमधली प्रत्येक रिकामी जागा बुजवली होती. कुंकू पुसून डोळे बसवले होते, ओले, पापण्यांचे. पतंगाच्या कागदाला लाटा फुटल्या होत्या. मागे बासरी. मेकअप केलेले प्रेत पाहावे तसे वाटले. तोंडातला शिरा गिळवेना.

टोपली येताच चिमाने ओरडायला तोंड उघडले. टोपली गेली. तोंड तसेच उघडे राहिले.

"तुजा हात कुठं गेला गो बाय?"

सर्वेश हसला. "चिमाताई, ती चूक होती. काढली. दोन दिवस लागले त्याला."

"चूक? माज्या परकराची चिंधी होती ती, बाबू. आयशीनं मारलान मला तिच्यापायी."

"अगं, पण ओरिजिनल थरथरतं. गेस्टना वाटतं फाईल खराब आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, ते रीळ आता टाकून देऊ या. वास मारतं. एका कागदावर फक्त सही दे, म्हणजे हेच अधिकृत होईल."

मी उठून बेसिनपाशी गेले आणि ओकले. हा अलंकार नव्हे. नंतर त्याच्या कपाटातून रीळ काढून घेतले आणि मांडीवर धरून एसटीने घरी आले. सही दिलेली नाही.

५. म्हणून: रीळ, डबा आणि प्रोजेक्टर चिमाला. त्यावरचे सर्व हक्क तिचे, सर्वेशचा काडीचाही नाही. त्याने केलेली नक्कल "लिलाव" या नावाने किंवा आप्पांच्या नावाने दाखवू नये. रिळाची कॉपी कोणीही फुकट करावी, पण डाग, थरथर आणि हात यांसकट. रीळ सडले तर सडू द्यावे. सडणे मला चालेल, सुधारणे चालणार नाही. चिमाच्या मागे हे सगळे ती सांगेल त्याला.

६. सर्वेशला घराखेरीज माझा चिमटा आणि डब्यातला एक कागदी बांगडा. त्याने माजघरात काच ठेवावी, बांगडा जवजवभर सरकवून चोवीस फोटो काढावेत. एक सेकंद होईल. मग मला खुशाल शिव्या द्याव्यात. ही अट नव्हे, आत्याची विनंती आहे.

७. माझ्या तेराव्याला भाषणे नकोत. दुपारी खिडक्या लावून "लिलाव" भिंतीवर लावावा. बासरी नको. ओरडायचे तेव्हा चिमा ओरडेल.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकिलांनी करावी. चिमा साक्षीदार असावी अशी माझी इच्छा होती. जिला द्यायचे तिचीच साक्ष नको, असे ते म्हणाले. तिने सगळे पाहिले आहे, एवढे मात्र इथे नोंदवते.

सही: योगिनी विश्राम भाटकर
डाव्या हाताचा अंगठा:

(अंगठा उठवताना हात हलला आणि शाई सहीवर पसरली. वकील म्हणाले, "मॅडम, हे पान पुन्हा स्वच्छ लिहू या का?" मी म्हटले, राहू दे. ही खाडाखोड समजू नये. हा माझा हात आहे.)

साक्षीदार, आम्हांदेखत सही व अंगठा झाला:
१. संदेश गोविंद नागवेकर, भाट्ये
२. मथुरा अनंत शेट्ये, रत्नागिरी

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२६