फरशीच्या सांध्यातला खोकला

तीर्थरूप बन्सीलालमामांच्या पायांवर भाचा हेमकांतचं डोकं. (पत्रातच. उकिडवं बसून बसून गुडघे कामातून गेले आहेत, कारण पुढे येईल.) तुमची कंबर कशी आहे? मामींची दाढ निघाली, की अजून दाढच मामींचा जीव काढते आहे? खांडबाऱ्याचं हार्डवेअरचं दुकान बरं चाललं असेलच. तुमच्या सल्ल्याने जे भाचे स्वतःचं घर उकरतात ते शेवटी तुमचंच गिऱ्हाईक होतात. फोन सोडून पत्र का, तर तुमच्याशी फोनवर ओरडून बोलावं लागतं, आणि ते आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला ऐकू जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. हसू नका.

बापूंचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं. तापीकाठची सगळी भावकी जेवायला येणार, आणि टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट काळं पडून तडकलेलं. तुम्हीच म्हणालात, मिस्त्री कशाला, हॅक्सॉचं जुनं पातं घे, खरवड, धूळ काढ, नवं भर. सांगायला काय जातं! पहिल्या ओळीत पातं मोडलं, दुसरीत अंगठा सोलला, तिसरीत एका टाइलचा कोपराच हातात आला. तरी सांधे मोकळे झाले, आणि धूळ उडवायला मी ट्रॅक्टरची जाळी साफ करायचा ब्लोअर आणला. इथे तुमच्या भाच्याची अक्कल चरायला गेली. त्याच कोपऱ्यात आम्ही दरसाल वर्षभराची मिरची कुटतो. सांध्यांत किती साल तिखट मुरलं होतं देव जाणे, ते सगळं एका फुंकरीत वर आलं. भर सकाळी घर लाल झालं. मी खोकलो, दामिनी खोकली, माय खोकली. मग चौथा खोकला आला.

तो खालून आला. दोन आखूड, एक लांब, मग घसा साफ केल्याचा आवाज. घरात पाऊल टाकण्याआधी बापू दारात असंच खाकरायचे, सुनेला पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून, आणि तिने 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. दामिनी गाऊनमध्ये होती, तरी तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला, आणि पदर सापडेना म्हणून तिने फरशी पुसायचं फडकं डोक्यावर ओढलं. मग तिच्या ध्यानात आलं. "आपुन तर तीनच," ती फडक्याआडून म्हणाली, "मंग चौथा कोन खोकना?"

मी शेजारच्या म्हशीवर ढकललं. (म्हशी खोकतात, मामा, तुम्ही शेती सोडलीत म्हणून विसरला असाल.) पण कोपऱ्यातल्या सांध्यात पुन्हा पातं घातलं तर टाइल कोमट लागली, अंगात थोडा ताप असावा तशी. ब्लोअर बंद होता, पंखा बंद होता, आणि सांध्यातली बारीक धूळ हळूच बाहेर येत होती, हळूच आत जात होती. मी पातं ओढून मागे सरकलो. माय मात्र पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "धीरे घस भाऊ, तेस्ले लागी ऱ्हायनं." 'तेस्ले' म्हणजे बापूंना, हे तिला विचारावं लागलं नाही.

बापू गेल्यापासून तुमच्या बहिणीचं काय झालं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. भरल्या ताटावरून उठायची, विचारलं तर नुसती मान हलवायची. त्या सकाळपासून ती त्या सांध्याशेजारी बसून पोटभर जेवते आणि बोलते. केळीचा भाव सांगते, गावात कोण कोण गेलं ते सांगते (ते त्यांना आधीच कळलेलं असावं). मधे थांबते, आणि खालून हुंकार येतो. खोटं कशाला बोलू, मला भीतीच्या आधी राग आला. वर्षभर मी तिला बोलतं करायला जिवाचं रान केलं, आणि या गृहस्थांनी मेल्यावर नुसतं खाकरून ते साधलं. मग रडू आलं. आता ग्राउट भरायचं नाव काढलं की माय सांध्यावर तळहात ठेवते. भरलं नाही तर पाहुण्यांच्या पंगतीत फरशी खोकणार, भरलं तर माय परत मुकी होणार. मला दोन्ही बघवणार नाही.

मामींना नमस्कार, दाढेलाही.

तुमचा भाचा,
हेमकांत

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दुकानातून काळपट तपकिरी ग्राउटची पिशवी घेऊन या, आणि ते तुम्हीच भरा. थोरल्या भावाचा हात माय अडवणार नाही. माझा उचलवत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आत भाकरी थापणाऱ्या दामिनीला खाकरणं ऐकू आलं. तिने पिठाच्या हाताने पदर घेतला आणि तव्यावरची नजर न हलवता, सवयीने म्हणून गेली, "या ना बापू, पदर लेयेल शे." मग तिच्या हातातली भाकरी पडली.

ता. क. तिसरा. ग्राउट आणायची घाई नाही. सांधे गार पडलेत, गप्प आहेत, कुणीही भरावेत. माय ताट घेऊन ओसरीत गेली आहे आणि बापूंच्या खाटेसमोर बसून बोलते आहे. खाट रिकामी आहे, पण तिची दोरी मधोमध खाली गेली आहे. तुम्ही फक्त ज्येष्ठमध आणा. वर्षभर धुळीत राहून त्यांचा घसा फार बसलाय.