बुंदीच्या अंगावरचे फोड

राजापेठ, अमरावती
२२ एप्रिल

चि. सौ. गीतांजली हिला रमाआईचे आशीर्वाद.

विहीणबाई सत्यभामाताईंना माझा नमस्कार सांग. त्यांची कंबर आता कशी आहे? तुझ्या भावाला, पियुषलाही आशीर्वाद. इकडे उन्हानं नुसता कहर केला आहे. सकाळी नऊलाच गल्ली ओस पडते आणि दुपारी कूलरमधून गरम वाफा येतात. तुमचं अकोला तर याच्याही वरताण असणार.

पत्र पाहून दचकू नकोस. तू रोज फोन करतेस आणि विचारतेस, "आई, बुंदी कशी आहे?" मी म्हणते, "बरी आहे." मग तू "बरं" म्हणतेस आणि आपण दोघी नुसता फोन कानाला लावून उभ्या राहतो. खरं सांगायचं तर तुझी मांजर बरी नाही. फोनवर खोटं पटकन बोलून जाता येतं, कागदावर माझा हात अडतो. म्हणून लिहायला बसले.

तिच्या हनुवटीखाली आधी एक फोड दिसला. मला वाटलं, बाहेरच्या बोक्यानं ओरखडलं असेल. पण मग पोटावर आले, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला आले. फुटतात, पाणी येतं, खाली काळपट खपली धरते. तू आणलीस तेव्हा मी काय काय बोलले होते ते मला आठवतं. घरात केस, दुधात तोंड, शिवाय देवघराची विटंबना. पण तिला तशी बघवत नाही ग. रात्रंदिवस आपलं एकच काम, चाटायचं आणि खाजवायचं.

वकिली सोडून तुझ्या सासऱ्यांना इतकी वर्षं झाली, पण उलटतपासणी काही सुटत नाही. पहिला संशय शेजाऱ्यांच्या फिनाईलवर. शेजारीण म्हणाली, "वकीलसाहेब, आमी तं फिनाईल वापरतच नाही." मग संशय माझ्यावर. म्हणे, तू तिला शिळा भात घालतेस. मी भात बंद केला, तू ठेवून गेलेलं तिचं ते महागाचं खाणंही बंद केलं आणि उकडलेली कोंबडी आणवली. माझ्या स्वयंपाकघरात कोंबडी! शेगडी वेगळी केली म्हणून, नाहीतर माझी आई परतवाड्याहून चालत आली असती. फोड मात्र जसेच्या तसे.

शेवटी बडनेरा रोडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर प्रणाली म्हणून हसतमुख पोरगी आहे. तिनं कंगव्यानं पिसवा शोधल्या, एकही निघाली नाही. खोलीत अंधार करून निळ्या दिव्याखाली बुरशी पाहिली, तीही नाही. कातडी खरवडून काचेवर घेतली, त्यातही काही सापडलं नाही. मग मला विचारते, "काकू, घरात कोणाच्या अंगावर असं काही उठलं आहे काय?" मी म्हटलं, छे, कोणाच्याच नाही. मग म्हणाली, "कधी कधी मांजरी मनाला लावून घेतात. चाटून चाटून अंग सोलून काढतात. घरातलं कोणी दूर गेलं आहे काय?"

मी म्हटलं, "हो."

गीता, तुला लपवून काय करू, मला मोह झाला. घरी येताना ऑटोत मी तुला हेच लिहायचं ठरवलं होतं. बुंदी तुझ्यासाठी झुरते आहे, ये. पण त्या पोरीनं निघता निघता हेही सांगितलं होतं की चाटल्यानं केस जातात, असे फोड येत नाहीत. तेव्हा कारण काही वेगळंच आहे आणि ते अजून सापडलेलं नाही. तिच्या गळ्यात आता प्लॅस्टिकची मोठी कॉलर आहे. लाउडस्पीकर घालून घरभर फिरते आणि दाराच्या चौकटीला धडकते.

तू परवा म्हणालीस, बुंदी बरी झाली की पियुष गाडी घेऊन येईल आणि तिला अकोल्याला नेईल, त्याच्या कुत्र्याला वर गच्चीत बांधता येईल. मी बरं म्हटलं. ती गेल्यावर या घरात तुझं काय उरतं, हे मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. म्हणजे तिचे फोड बरे व्हावेत म्हणून मी मलमं लावते आहे, आणि ते बरे झाले की काय होणार तेही मला माहीत आहे. असलं विचित्र दुखणं मी आजवर पाहिलेलं नाही.

माझा लेक ईशान ठीक आहे. क्लासमध्ये उन्हाळी बॅचेस सुरू आहेत. दुपारी मधल्या वेळात घरी येतो, जेवतो, खोलीचं दार लावून पडतो. बोलणं जेवढ्यास तेवढं. एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. विचारलं तर म्हणतो, सर लोकांना तसंच घालावं लागतं.

डोहाळजेवणानंतर जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तू जप.

तुझी,
रमाआई


राजापेठ, अमरावती
२० मे

चि. सौ. गीतांजलीस आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी होत्या, पण तुझ्या अक्षरात होत्या. मी त्या ह्यांनाही वाचायला दिल्या नाहीत.

बुंदीचं कारण सापडलं. आता सगळं नीट सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

डॉक्टर प्रणालीनं तिला काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथे ती सुधारली. खपल्या गळाल्या, नवीन फोड एकही नाही. घरी आणली आणि आठवडा व्हायच्या आत हनुवटी पुन्हा लाल. डॉक्टर म्हणाली, "काकू, औषध बरोबर आहे. घरातच काहीतरी आहे जे तिला लागून राहिलं आहे. ती कुठे कुठे बसते ते बघा."

मग काय, तुझ्या सासऱ्यांना चेवच चढला. खुर्ची टाकून दिवसभर मांजरीवर पाळत. सकाळी ओट्याच्या खिडकीत, मग स्कूटरच्या सीटवर, मग तुळशीच्या सावलीत. आणि ईशान जेवून खोलीत गेला की त्याच्या मागोमाग आत. ईशान दार लावून घेतो आणि ती तीन-साडेतीन तास बाहेर येत नाही. हे म्हणाले, "झोपत असेल कूलरपुढे." मीही तेच समजले.

गेल्या आठवड्यात भर दुपारी लाईट गेली. कूलर बंद पडला. पोराचा जीव घाबरा होईल म्हणून मी ताकाचा पेला घेऊन गेले आणि दार ढकललं. कडी नीट लागलेली नव्हती.

ईशान खाली फरशीवर बसला होता, पलंगाला टेकून. बाह्या वर सरकवलेल्या. मांडीवर बुंदी, आणि तिच्याखाली, त्याच्या डाव्या हातावर घेतलेलं दुपटं होतं. पिवळ्या काठांचं, हिरव्या पोपटांचं. तुझ्या लग्नातल्या हिरव्या साडीचा तुकडा आणि माझं जुनं नऊवारी लुगडं मिळून, गोधड्या शिवणाऱ्या गोदाबाईकडून शिवून घेतलेलं. तू दवाखान्यात होतीस तेव्हा सत्यभामाताईंनी आणि मी बाळाच्या सगळ्या वस्तूंचं बोचकं बांधून देऊन टाकलं, तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. त्यात दुपटं नव्हतं. मला वाटलं, गोदाबाईनं दिलंच नसेल. ते ईशाननं काढून घेतलं होतं, आणि चार महिने गादीखाली घालून त्यावर झोपत होता.

मी पेला ठेवला आणि त्याचा हात पाहिला. डाव्या कोपराच्या आतल्या वळणात फोडच फोड. फुटलेले, काळपट खपलीचे. अगदी बुंदीसारखे. आपण बाळ हातावर घेतो तेव्हा त्याचं डोकं जिथे येतं ना, नेमकं तिथे. मी त्याच्याजवळ फरशीवर बसले, गुडघ्यांची पर्वा न करता.

मी ते फोड ओळखले. तुमच्या पिढीला बिबा म्हणजे दारावर लिंबू-मिरचीबरोबर ओवलेलं काळं बोंड एवढंच माहीत. त्याच्या आत तेल असतं, ते कातडीला लागलं की जाळतं. उततं म्हणतात. माझ्या माहेरी परतवाड्याला बिबे फोडून आतली गोडंबी, म्हणजे खायची बी, काढणाऱ्या बायांचे हात मी लहानपणापासून पाहिले आहेत. मी दुपट्याचा कोपरा चाचपला. टणक लागलं. ब्लेडनं उसवला तर आत बिबा, चेपून फुटलेला, आजूबाजूचा कापूस काळा पडलेला. चारही कोपऱ्यांत एकेक होता. गादीखाली दाबले गेले, उन्हाळ्यात आणखी पाझरले, आणि बुंदी रोज त्याच कापडावर पोट टेकून हनुवटी घासत होती.

गोदाबाईला बोलावलं. रागानंच बोलावलं होतं. तिनं दुपटं पाहिलं आणि मटकन खाली बसली. "बाई, लेकराले दीठ लागू नये म्हनून टाकले व मी. आमच्यात समद्याच दुपट्यात टाकतेत. अख्खा बिबा काई करत नाही. मले काय मालूम, हे गादीखाली जाईन म्हनून." तिनं माझ्या नातीला जपायलाच ते घातले होते. दुपटं पाळण्यात गेलं असतं, तर फुटले असते की नसते, देव जाणे.

नात लिहून गेले. लिहिलं ते बरंच झालं. मुलगी होती गीता. या घरात आम्ही तो शब्दच काढत नाही. "जे झालं ते" म्हणतो.

डोळे पुसून गोदाबाईनं विचारलं, "बाई, पोरगी कोनावानी होती व?" इतक्या महिन्यांत हे विचारणारी ती पहिलीच. पण मी पाहिलीच नाही तिला. तू शुद्धीवर नव्हतीस, मी तुझ्या उशाशी होते. ह्यांना बाहेर चक्कर आली होती. तिला हातावर घेतलं ते एकट्या ईशाननं, आणि त्यानंच नेलं.

तू जाताना मला म्हणाली होतीस, "आई, ईशानला काही झालंच नाही. तो रडलासुद्धा नाही." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. त्या दुपारी मी त्याला विचारलं, "अरे, हात एवढा सोलून निघाला तरी कळलं नाही तुला?" तो म्हणाला, "कळत होतं. पण आई, हातावर काहीतरी होतं ना." मग म्हणाला, "गीतासमोर मी रडलो असतो तर तिनं कोणाकडे पाहायचं होतं? आता उशीर झाला. तिला सांगू नकोस, तिला वाटेल मी नाटक करून राहिलो." एवढं बोलला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून इतका रडला की बुंदी घाबरून कपाटावर चढली.

मी त्याला हो म्हटलं, नाही सांगणार. आणि तरी आज तुला लिहायला बसले. होऊ दे काय व्हायचं ते.

त्याच्या हाताला डॉक्टरचं मलम चालू आहे, उतरतं आहे. बुंदीच्या हनुवटीवर नवे केस येऊ लागले, लाउडस्पीकर निघाला. काल कोंबडी ओढून देवघरासमोर नेली, म्हणजे पुरती बरी झाली म्हणायची. दुपटं धुतलं तरी तेल जात नाही, आणि जाळायचं तर बिब्याचा धूरही वाईट. जाड पिशवीत बांधून वर माळ्यावर ठेवलं आहे. त्याचं काय करायचं ते मी ठरवणार नाही, तुझे सासरेही नाहीत.

आता तुझ्या मनासारखं झालं, मांजर न्यायला तयार आहे. पण पियुषला पाठवू नकोस. पाहुणा म्हणून तो केव्हाही येऊ दे, त्याच्या हातात मी बुंदी देणार नाही. तू ये. सकाळच्या बसनं ये, वाटलं तर संध्याकाळच्या बसनं परत जा. मी अडवणार नाही, तुझ्याकडून वचन घेणार नाही, जेवायचाही आग्रह करणार नाही. फक्त जाण्याआधी ईशानजवळ बस आणि त्याला विचार, आपली लेक कोणासारखी होती. ते त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही, आणि त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. तो तुला सांगेल तेव्हा मी दाराबाहेर उभी असेन. मलाही ऐकायचं आहे.

तुझी आई,
आणि तिची आजी,
रमा