आयर्नबार्कचे नऊ खुंट

बिनावे, १२ मे १९३४

चि. क्लेम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

ॲम्ब्रोजला जाऊन तीन आठवडे झाले. माझी प्रकृती यथास्थित आहे. जेवते, झोपते, शाळेत पाढे घेते. रडू येईल म्हणून चार रुमाल इस्त्री करून ठेवले होते, त्यांची घडी मोडलेली नाही. घराखालचे खुंट वाळवीने खाल्ले असून स्वयंपाकघर नैर्ऋत्येला झुकले आहे. बटाटे आपण होऊन चुलीकडे निघतात. ॲम्ब्रोज आयर्नबार्कचे नऊ खुंट आणणार होता. त्या लाकडापुढे वाळवी हात टेकते म्हणायचा. ज्या आयर्नबार्कच्या झाडाची फांदी माझ्या नवऱ्याच्या अंगावर पडली, ते अजून तसेच पडून आहे असे ऐकते. ओले आहे तोवर काप. वाळल्यावर करवत बोथट होते, हे तूच मला शिकवलेस.

माया आहेच, ती मुरू द्यावी.
तुझी आयडाताई

तळ, बॅरडीनजवळ, १९ मे

ती. ताईस सा. न.

माणूस घेतलेल्या झाडाला आमच्या लाकूडतोड्यांच्या तळावर कुणी हात लावत नाही. शिवाय लांब करवतीला दोघे लागतात. माझ्यासमोर कोण बसणार? मीही कुणाला विचारत नाही. कुऱ्हाडीला धार लावतो, चहा करतो, पुन्हा धार लावतो.

एक सांगायचे राहिले. ॲम्ब्रोज म्हणाला होता, थांब रे, वर काहीतरी कडकडलं. मी करवत आणखी एकदा ओढली. एकदाच.

क्लेम

बिनावे, २६ मे

चि. क्लेम यास आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचले. शुद्धलेखन निर्दोष आहे, म्हणजे फार दिवस मनात घोळवले असशील. राग यावा म्हणून अंगणात जाऊन उभी राहिले. आला नाही. थंडी वाजली, आत आले. ॲम्ब्रोज तेवीस वर्षे मला थांब म्हणत आला आणि दर वेळी मी एक वाक्य जास्तच बोलले. तेव्हा निवाडा माझ्याकडे मागू नकोस. खुंट मात्र हवेत. शाळेला सुटी आहे. मंगळवारी, ५ जूनच्या गाडीने येते, तुझ्यासमोर मी बसेन. तळावरच्यांना सांग, हसायचे असेल तर आधी मला चहा द्या.

आयडाताई

तळ, ३० मे

ती. ताईस सा. न.

सांगितले. कुणी हसले नाही. स्वयंपाक्याने एवढेच विचारले, बाईंना मटण चालतं ना?

स्टेशनवर गाडी घेऊन येतो. खुंट उचलायला जाऊ नकोस. हे लाकूड पाण्यात दगडासारखे बुडते. आणि करवत कधी ढकलायची नाही, पाते वाकते. फक्त आपल्याकडे ओढायची. माझी पाळी असेल तेव्हा हात सैल सोड, पण मुठीवरून काढू नकोस.

तुझा क्लेम