कामिनीआत्याला सात वेळा, मामांना एकदाही नाही

लाखनी

ती. चंद्रभानमामांस,

सुतकात आहे म्हणून वर ‘श्री’ लिहिला नाही. नमस्कारही आईच्या तेरवीनंतर करीन. मामींचा गुडघा कसा आहे? कोंढ्याच्या शेतात धानाची रोवणी झाली असेल.

तुमच्या रंजूने मला सांगितले, तुम्ही म्हणालात, “बहिणीच्या तेरवीले भावाले बोलावणं नाही, तं मी काय बस स्टँडवरून पाहू?” मामा, तोंड दाखवायला जागा नाही. पहिले बोलावणे माहेरचे असते, हे मला माहीत आहे. पण मी बोलावण्याचे काम संगणकावर टाकले. (पायथनमध्ये वेबसाइट बनवणे हीच माझी नोकरी.) नावे अक्षरक्रमाने लावली आणि आईच्या सख्ख्या भावाला ‘च’मध्ये बसवले. तुमच्या आधी अड्याळच्या गोदावरीबाई. त्यांच्याकडे मोबाइल नाही, म्हणून नंबराची जागा रिकामी. तिथे प्रोग्राम अडला. सगळे काम मी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधले होते, म्हणजे झाले तर सगळे, नाहीतर काहीच नाही. त्यामुळे आधीच्या नोंदीही पुसल्या गेल्या आणि स्क्रीनवर आले, ‘कोणालाही कळवलेले नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ (चूक कुठे झाली ते न दाखवता एवढेच दाखवायचे, हे मीच लिहिलेले. ऑफिसात नव्या पोरांना यासाठीच रागावतो.) मी पुन्हा बटण दाबले. पुन्हा तेच, पुन्हा दाबले. नोंदी पुसता येतात, गेलेले मेसेज मागे येत नाहीत; गोदावरीबाईंच्या आधीच्या सगळ्यांना दर वेळी तोच मेसेज पुन्हा गेला.

कामिनीआत्याचा फोन आला, “काय रे भूपेश, तुयी माय एकदाच गेली ना? माह्या मोबाइलात सात खेपा काहून मरून राहिली?” खेमराजकाका तिसऱ्या मेसेजला आमच्याकडे आणखी कोणी गेले समजून धावत आले आणि मला धडधाकट पाहून रागावले. आता नोंद पक्की झाल्यावरच मेसेज जाईल, अशी दुरुस्ती केली आहे. (आता कशाला, म्हणा.)

तेरवी रविवारी आहे. तुम्ही आल्याशिवाय पान वाढणार नाही.

आपला भाचा,
भूपेश

ता. क. : ते बटण पुन्हा दाबायची हिंमत नाही. ‘च’पासून पुढे कोणालाच बोलावणे गेलेले नाही. तेवढे फोन तुम्ही कराल का?

आणखी एक : इतक्याशा माणसांसाठी प्रोग्राम लागत नव्हता. फोन लावला की ‘आई’पर्यंत येतो, पुढे शब्द निघत नाही, म्हणून बनवला. तुमच्यासमोरही तसेच होईल. दारात मला काही विचारू नका, सरळ आत या.